मथुराक्काची कोरी ताटली

मित्रांनो, हुबळीच्या विद्यानगरात एक साधंसं बार्बेक्यू हॉटेल आहे. तिथल्या चार नंबरच्या टेबलातली जुनी शेगडी ती मी. टेबलाच्या मधोमध खाच आहे, तिच्यात मी बसते. गिऱ्हाईक आलं की माझ्या पोटात निखारे ओततात, जाळीवर सळया मांडतात, आणि मग ज्याचं त्यानं भाजून खायचं.

कमरीपेठेतल्या श्रीकांत वेल्डरनं मला घडवलं. लहान मुलं हात लावतील म्हणून त्यानं माझ्या कडा घासून घासून गुळगुळीत केल्या. नव्या नवलाईत माझा केवढा थाट होता. लोक माझ्यासकट फोटो काढायचे. पुढे माझा एक कान तुटला, तिथे तार गुंडाळली गेली. जाळीवर तेलाचे थर चढले. बाकीच्या टेबलांवर विजेच्या चकचकीत शेगड्या आल्या. रागानं तोंड काळं करावं म्हटलं, तर ते आधीच काळं होतं. मालक यशपाल म्हणाला, "कोपऱ्यात आहे, चालतंय अजून," आणि मी राहिले.

परवा दुपारी माझ्याभोवती तीन मैत्रिणी येऊन बसल्या. तिघींनी धारवाडला मुलींच्या एकाच वसतिगृहात नोकरी केली होती. वनिता कचेरीत होती, रूपा फाटकावर, आणि मथुराक्का स्वयंपाकघरात. आता तिघी निवृत्त होऊन पहिल्यांदाच सहलीला निघाल्या होत्या. जेवण करून बदामीची बस धरायची होती.

सळया आल्या मात्र, मथुराक्कानं चिमटा उचलला. चिकन, पनीर, बटाटे, मक्याची कणसं, सगळं ती असं काही परतत होती की माझी मलाच लाज वाटली. इतक्या वर्षांत एवढं नीट मला कुणी वापरलं नव्हतं. पहिली सळई रूपाच्या पानात गेली, दुसरी वनिताच्या, तिसरी पुन्हा रूपाच्या.

"तू खा की, अक्का."

"खाते गं. आधी तुम्ही घ्या."

बसून वाढणं तिला जमेना. ती उठली, पदर खोचला आणि उभ्यानं वाढू लागली. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ती हॉटेलातलीच वाटली. "अक्का, इकडं दोन पनीर," तो म्हणाला. आणि ही बाई आमच्या जाळीवरचं पनीर खरोखरच त्याला देऊन आली. रूपाला हसून हसून ठसका लागला.

तेवढ्यात यशपाल आला. आमच्याकडे भेटेल त्याला 'जेवलात का' असं कानडीत विचारायची रीत आहे. त्यानंही विचारलं, "ऊटा आतेन्री, अक्का?"

"आत्री," मथुराक्का म्हणाली. झालं की.

मला बोलता आलं असतं तर मी तिथेच बोलले असते. तिची ताटली माझ्या कानाशीच होती. तिला साधा डागही लागलेला नव्हता.

वनितानं ती ताटली पाहिली. तिचा घास हातातच राहिला.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "एकतीस वर्षं मी रोज दुपारी तुला विचारत होते. तू हेच सांगायचीस. आम्ही खरं मानलं गं."

"मग? पोरींचं झाल्यावर तीन वाजता खायचीच की मी. गार भाकरी काय वाईट असते?"

रूपानं तिच्या हातातला चिमटा काढून घेतला आणि तिला खांदे धरून खाली बसवलं. रूपाचा जन्म फाटकावर गेलेला, तिला भाजायचं काय कळणार? एक बाजू करपली, एक कच्ची राहू लागली. मी माझ्या परीनं निखारे धरून ठेवले. अखेर एक तुकडा नीट जमला आणि मथुराक्काच्या ताटलीत पडला.

तिनं तो उचलून सरळ तोंडात टाकला. जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं. हजारो पोरींना "फुंकर घाल गं" म्हणून सांगणारी ती स्वतः फुंकर घालायला विसरली होती. गरम घासाची तिला सवयच कुठे होती?

मग दुसऱ्या तुकड्यावर त्या दोघींनी मिळून फुंकर घातली. मथुराक्का लाजली, पण तिनं तो खाल्ला. त्यानंतर कणीसही खाल्लं.

टेबलापासून जाता जाता यशपालनं पुन्हा तेच विचारलं. मथुराक्काचं तोंड भरलेलं होतं, म्हणून तिनं हातानंच त्याला थांबवलं.

"न्हाई रे अजून," ती घास गिळून म्हणाली. "आत्ता कुठं सुरू केलंय."

मित्रांनो, मला भूक नाही. जाळी तेवढी घासून ठेवा, तुटका कान सांधून घ्या, माझं भागेल. पण तुमच्या घरात जी विस्तवापाशी उभी असते, तिला नुसतं 'जेवलीस का' म्हणून विचारू नका. ती हो म्हणेल. तिचं ताट बघा.