झाकणावरचे आकडे

तिसरा विषयही परत आला होता. अपेक्षा ओसरीवर कागद पसरून बसली होती आणि तिचे वडील उकंडराव चहा पीत तिच्या कॉलेजातल्या मार्गदर्शक मॅडमचे पेन्सिलीतले शेरे वाचत होते. 'जिल्ह्यातील भूजल: एक अभ्यास' या पहिल्या विषयाखाली लिहिलं होतं, 'जिल्हा केवढा, तू केवढी?' 'पाणीटंचाई: कारणे व उपाय' या दुसऱ्याखाली, 'उत्तर आधीच ठाऊक असेल तर तो प्रश्न कसला?' तिसऱ्यावर नुसतीच फुली. भूगोलाच्या एम.ए.ला शेवटच्या वर्षी प्रबंध लिहावा लागतो. सोमवारपर्यंत स्वतःचा प्रश्न सापडला नाही तर मॅडम आपल्या यादीतला एखादा विषय देणार होत्या, आणि अपेक्षाला तसला उसना विषय नको होता.

उकंडरावांना मनातून बरंच वाटलं. पिंपळगाव राजात पंचवीस वर्षं विहिरी-बोअरच्या मोटारी काढायचं नि टाकायचं काम त्यांनीच केलं होतं. पोरीचं आपलं काखेत कळसा नि गावाला वळसा चाललं होतं.

"मले इचार ना," ते म्हणाले.

तिने विचारलं, दर वर्षी पाणी किती फूट खाली गेलं? फूट त्यांना सांगता येईनात, पाइप सांगता येत होते. पाणी खाली गेलं की मोटार खाली सोडायची, म्हणजे वीस फुटांचा एक पाइप वाढवायचा. आत किती पाइप आहेत यावरून पुढे वाद नको, म्हणून ते दर वेळी स्टार्टरच्या पेटीच्या झाकणाला आतून खिळ्याने साल आणि पाइप कोरून ठेवत. शेतमालकाने पेटी रंगवली तरी झाकणाची आतली बाजू कुणी रंगवत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

शुक्रवार-शनिवार बापलेक मोटारसायकलवर शिवारभर फिरले. एक्केचाळीस झाकणं उघडली. प्रत्येक ठिकाणी उकंडराव मालकाला आवर्जून सांगत, की हे आकडे आता विद्यापीठात जाणार. आपल्या हातून कोणाचं वावर कोरडं राहिलं नाही, हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य दोन दिवसांत डझनभर वेळा तरी झालं. अपेक्षा हसत होती आणि उतरवून घेत होती.

शनिवारी संध्याकाळी तिने मोठ्या कागदावर शिवाराचा नकाशा काढला आणि आकडे ज्याच्या त्याच्या वावरावर मांडले. मांडता मांडता ती थांबली.

"बाबा, राजकुमारभाऊच्या बोअरात अठरा साली तुम्ही एकदम तीन पाइप वाढवले. बाजूच्या गोजरकाकूची विहीर कवा आटली?"

"त्याच उन्हायात. दुष्काळ होता तो."

"दुष्काळ तं सगळ्याइलेच होता. मंग दूरच्या भागवतकाकाची विहीर काऊन नाई आटली?"

उकंडराव पान्ह्याचं ग्रीस पुसत राहिले. गोजरबाई त्या विहिरीवर वांगी, मेथी पिकवायच्या आणि खामगावच्या बाजारात नेऊन विकायच्या. आता त्या दुसऱ्यांच्या वावरात मजुरीने निंदायला जात. हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

एका बोअरात पाइप वाढले की शेजारच्या विहिरीचं पाणी जातं का? अपेक्षाला प्रश्न सापडला होता, आणि तो नेमका बापाच्या दारात येऊन उभा राहिला होता. तिला फार वाईट वाटलं. बोअरातले पाइप सरासरी किती वाढले, एवढंच घेतलं तरी मॅडमना चालेल, असं ती घाईघाईने म्हणाली.

"त्याचं उत्तर तुले आताच ठाऊक हाय ना?" उकंडरावांनी विचारलं.

"हाव."

"मंग तो कायचा प्रश्न?"

रविवारी सकाळी ते तिला गोजरबाईंच्या विहिरीवर घेऊन गेले. दोन दिवसांत ही एकच पेटी त्यांनी टाळली होती. झाकण गंजलं होतं, कोपऱ्यात पालीची अंडी होती. सतरा सालापर्यंतच्या ओळी होत्या, पुढे कोरा पत्रा. मोटार कायमची वर काढली त्या दिवशी, एवढ्या वर्षांची सवय मोडून, त्यांनी काहीच कोरलं नव्हतं.

"इसरलो नव्हतो मी," ते म्हणाले. "त्या दिवशीच मले समजलं होतं. लिहाले हात नाई झाला."

त्यांनी खिशातून खिळा काढला. पत्र्याचा आवाज ऐकून बांधापलीकडे निंदत असलेल्या गोजरबाई खुरपं हातात घेऊनच आल्या आणि मोटार नाही तिथे आता काय कोरता, असं त्यांनी विचारलं.

"राह्यलं होतं, काकू," उकंडराव म्हणाले.

'२०१८. मोटर काढली.' अक्षरं वाकडी आली. गोजरबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी नुसतं त्यावरून एकदा बोट फिरवलं. अपेक्षाने वही उघडली, बेचाळिसावी नोंद केली. झाकणाची बिजागरी सैल झाली होती, ते पुन्हा पुन्हा मिटत होतं. तिचं लिहून होईपर्यंत उकंडराव ते हाताने उघडं धरून उभे राहिले.