पांढरी तुमची

सितारामांच्या त्या पत्राला काशीनाथरावांनी उत्तर दिलं नव्हतं. पाथरीच्या वाचनालयाच्या पत्त्यावर आलेलं ते पत्र अकरा महिने त्यांच्या शब्दकोशात पडून होतं.

काशीनाथराव तिथलेच निवृत्त ग्रंथपाल. चारचौघांत बोलायचा संकोच. पण पारावरच्या जुन्या देशी बुद्धिबळात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पुतणी प्रियांकाने मोबाइलवर खेळ घालून दिला, आणि तिथे ते नवशिके ठरले. घड्याळ पळू लागलं की बोट भलत्याच मोहऱ्यावर पडे. समोरचे ‘आजोबा, झोपले काय’ असं लिहून निघून जात.

सिताराम गेले नाहीत. पूर्णेला रेल्वेत नोकरी झालेले, या खेळात सहा वर्षं मुरलेले. त्यांनी लिहिलं, “सावकाश खेळा गुरुजी. बिनघड्याळाचा डाव लावलाय. आपल्याला कुठं गाडी सोडायची हाय?”

मग रोज दुपारी एक डाव. काशीनाथराव हरले की कुठे चुकलं ते सिताराम समजावून सांगत. ते जिंकले की सिताराम लिहीत, “लय बेकार मारलं राव. आता चहा तुमच्याकडं.”

एका दुपारी काशीनाथरावांचं प्यादं दोन घरं पुढे गेलं. सितारामांचं प्यादं तिरकं रिकाम्या घरात सरकलं आणि काशीनाथरावांचं प्यादं पटावरून नाहीसं झालं. त्यांची कानशिलं तापली. “ही लबाडी आहे,” त्यांनी लिहिलं. “पारावर असं करणाऱ्याला उठवून लावतात.”

“न्हाई हो गुरुजी, नियम हाय. थांबा, सांगतो.”

ते थांबले नाहीत. सितारामांचा निरोप पुन्हा येणार नाही अशी सोय करून त्यांनी मोबाइल पालथा ठेवला.

गप्पांत कधीतरी सांगितलेल्या वाचनालयाच्या पत्त्यावर आठवड्याने पत्र आलं. पेन्सिलीने आखलेला पट, बाण काढलेले. ‘पारावर प्यादं एकच घर चालतं. इथं दोन घरं पळून शेजारी आलं, तर लगेच असं मारता येतं. आधीच सांगाया पायजे होतं, चूक माझी. आता डोळ्याला मोबाइल सोसंना. घरी पट मांडून ठेवलाय. पांढरी तुमची. कार्डावर चाल कळवा.’

काशीनाथरावांनी वाचनालयातलं पुस्तक काढून पाहिलं. नियम होता. उत्तर लिहायला बसले, की पहिलीच ओळ त्यांना खोटी वाटे. आज नको, उद्या नीट लिहू, असं करत वर्ष सरत आलं.

सोमवारी कार्ड आलं, अक्षर परकं. ‘गुरुजींना दगडाबाईचा नमस्कार. हे दिवाळीआधी गेले. शेवटपर्यंत टपालवाल्याला विचारायचे. पट तसाच हाय. मोहरे न हलवता धूळ पुसते. आता उचलू का?’

ते उभ्याउभ्याच दोनदा वाचून काशीनाथराव वाचनालयाच्या बाकावर बसले. या वेळी कच्चं लिहिलं नाही.

‘वहिनी, नियम त्यांचाच बरोबर होता. मला तो ठाऊक नव्हता, आणि कळल्यावर कबूल करायची हिंमत झाली नाही. ते वाट पाहत राहिले, हा अपराध माझा. पांढऱ्या राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे ठेवा. मग पट उचला.’

पोस्टापाशी पेटीच्या तोंडात कार्ड थोडं अडकलं. त्यांनी दोन बोटांनी ते आत ढकललं.