पांढऱ्या मातीखालची फवारणी

माझ्या रागाबद्दल घरात आणि ऑफिसात कुणाचंच दुमत नाही. त्या दिवशीही आधी राग आला, अक्कल मागून आली.

मी हिवताप खात्यात पर्यवेक्षक. त्या पावसाळ्यात पुसदकडच्या एका बंजारा तांड्याचा प्रमुख बाबूसिंग नायक, त्याचा सहा वर्षांचा नातू ओम संध्याकाळी तापला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. रक्त पुण्याला पाठवलं होतं. उत्तर आलं, चांदीपुरा. नाव आपल्याच नागपूरकडच्या गावाचं, पण आमच्यापैकी एकानेही या तापाचा रुग्ण पाहिलेला नव्हता. त्याला लस नाही, औषध नाही. तो पसरवणारी वालुमाशी डासाहून बारीक, मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी. हातात एकच गोष्ट होती, घराघरांत आतून फवारणी.

मी तारीख ठरवली आणि नायकाला कळवली. लोकांनी जराही कुरकुर केली नाही. दर वाढायची वाट पाहत घरात पडून असलेला गेल्या वर्षीचा कापूस गाठोडी बांधून बाहेर काढला, भांडी काढली, देव काढले. प्रत्येक दाराशी पांढऱ्या मातीचा ढीग होता. एका ढिगाला अडखळून आमचा पंपवाला पडला, तेव्हा आम्ही हसलो.

ओमची आई जमनी चार वर्षांच्या वर्षाला कडेवर घेऊन उभी होती.

"साहेब, आता हिले तं काही होत नाही ना?"

"भिंतीवर दवा आहे तोवर नाही," मी म्हणालो. असा शब्द देऊ नये हे मला कळत होतं. पण तिच्याकडे बघून दुसरं काही बोलवेना.

पाच दिवसांनी तपासणीला गेलो तर तांडा लख्ख. एकूणएक घर आतून-बाहेरून पांढऱ्या मातीने पोतारलेलं. औषध त्या मातीखाली गाडलं गेलं होतं. माझं डोकं फिरलं.

"कोणी सांगितलं हे करायला? स्वतःच्या हाताने दवा पुसून टाकलीत तुम्ही!"

बाबूसिंग शांतपणे म्हणाला, "परवा सुतक फिटलं ना साहेब. आमी समदे एकाच गोताचे. घर पोतारल्याबिगर देव आत घेत नाही."

तेव्हा मला ते ढीग आठवले. आमच्या यवतमाळच्या घरीही सुतक फिटलं की घर धुऊन काढतात. मला नवीन काहीच नव्हतं. तारीख ठरवताना मात्र मी फक्त पंप आणि जीप कधी मोकळी आहे ते पाहिलं होतं.

मी काही बोलणार तेवढ्यात जमनी घरातून वर्षाला घेऊन आली. पोरीचं अंग भाजत होतं. आम्ही दोघींना जीपमध्ये घालून पुसदच्या दवाखान्याकडे निघालो.

वाटेत जमनीने विचारलं, "म्हंजे दवा म्याच पुसली काय साहेब?"

मी ड्रायव्हरला गाडी जोरात हाकायला सांगितलं. तिला उत्तर दिलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

मी रोज दवाखान्यात जात होतो. जमनी खाटेपासून लांब, भिंतीशी बसलेली असायची. मला वाटलं, तापाला भिते. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, हा साधा हिवताप होता, तो नवा ताप नाही. हिवताप निघाला म्हणून मला आनंद व्हावा, असं नोकरीत पहिल्यांदाच घडलं.

वर्षा उठून बसली आणि आईला "याडी, भूक" म्हणाली. जमनी जागची हलली नाही.

मी तिच्यासमोर खाली बसलो. "बाई, त्या दिवशी मी उगाच ओरडलो. दवा तुम्ही नाही पुसली, मीच ती चुकीच्या दिवशी मारली. सुतक कधी फिटतं ते विचारून, तुमचं पोतारणं झाल्यावर यायला हवं होतं."

ती स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाली,

"तीन दिवस झाले साहेब, म्या पोरीले हात नाही लावला. नर्सबाईच्या हातानं पाणी पाजलं. मले वाटे, याच हातानं दवा पुसली म्या."

मग ती उठली, मोरीवर जाऊन हात धुतले आणि ताटलीतला भात कालवून वर्षाला भरवू लागली.