ॲव्हरेजची दुसरी फेरी

बॉनेट वर करून तिने इंजिन ऑइलचं टोपण काढलं, हातातल्या बाटलीकडे क्षणभर पाहिलं, ती सीलसकट पिशवीत सारली आणि टोपण पुन्हा घट्ट बसवलं. उघड्या बॉनेटमुळे आत बसलेल्या नवऱ्याला काहीच दिसलं नाही. धाकटा भाऊ पंपावरच्या माणसाशी बोलण्यात गुंग होता.

"ओतलीस ना ताई सगळी?" त्याने लांबूनच विचारलं.

"चला, ऊन वाढायच्या आत निघू," ती म्हणाली.

खोटं बोलायचं नाही, हा तिचा नेम होता. तो मोडला की नुसता वाकला, हे तिचं तिलाच कळेना.

भावाने इंजिन ऑइलमध्ये मिसळायच्या औषधाची एजन्सी घेतली होती. एक बाटली ओतली की इंजिन लोण्यासारखं फिरतं आणि पेट्रोल कमी पितं, असं तो घरोघर सांगे. लबाडी त्याच्या अंगात नव्हती. त्याचा स्वतःचा त्यावर ठाम विश्वास होता आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटायची. आता त्याला भागीदार हवा होता. नवरा शीतगृहातली मशीन सांभाळायची नोकरी सोडायला एका पायावर तयार होता. पण राहतं क्वार्टर नोकरीबरोबरच मिळालेलं होतं. नोकरी गेली की अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना घेऊन जायचं कुठे, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

"आज दूध का दूध होऊन जाऊ दे," नवरा म्हणाला होता. एकाच रस्त्याने दोन फेऱ्या. पहिली औषधाशिवाय, दुसरी औषध घालून. पंप तोच, नोझलही तीच, टाकी दोन्ही वेळा काठोकाठ. फरक पडला तर तिथूनच साहेबांना फोन करून नोकरी सोडतो म्हणून सांगायचं.

पहिली फेरी सकाळी झाली होती. नवऱ्याने गाडी अशी हाणली की ती दाराची मूठ घट्ट धरून बसली होती. दिसेल त्या ट्रकला मागे टाकायचं आणि सिग्नलपाशी कचकन ब्रेक. त्यानंतर बाटली हातात आली, तेव्हा ओतायला तिचा हात धजला नाही.

आता दुसऱ्या फेरीत तोच माणूस गाडी अशी चालवत होता, जणू मागच्या सीटवर बाळंतीण बसली आहे. पाय हलका, गिअर वेळेवर, सिग्नल लांबून दिसला की आधीच वेग कमी. एका सायकलवाल्यालाही त्याने हात करून पुढे जाऊ दिलं.

"आवाज ऐका भाऊजी! कसा मऊ झालाय!" मागून भाऊ म्हणाला.

"खरंच रे! अगं, तुला जाणवतंय का?"

"मला तुम्ही जाणवताय," ती म्हणाली. दोघेही हसले.

ती मनातल्या मनात जप करत होती, पण माळेतला मणी पुढे सरकेना. सकाळइतकंच पेट्रोल लागलं तर? मग भावाशी दगाफटका केल्यासारखं होईल. आणि कमी लागलं तर?

पंपावर टाकी भरू लागली. तिघांचे डोळे मीटरवर. नोझल खट्कन बंद झाली. सकाळपेक्षा जवळजवळ एक लिटर कमी.

"भाऊजी!" भावाने नवऱ्याला मिठीच मारली. नवऱ्याचे डोळे भरून आले होते. त्याने खिशातून मोबाईल काढला. "साहेब आत्ता जागेवर असतील."

पलीकडे रिंग वाजू लागली.

तिने पिशवीतून बाटली काढून बॉनेटवर ठेवली.

"ही काय?" नवऱ्याने विचारलं. सील त्यालाही दिसत होतं.

"ओतलीच नाही मी."

"मग पेट्रोल कमी कसं लागलं?"

"तुम्ही सकाळी गाडी कशी चालवलीत आणि आत्ता कशी, ते आठवून बघा."

भावाचा चेहरा उतरला. "म्हणजे ओतली असती तर अजून कमी लागलं असतं!"

"लागलं असतं कदाचित," ती म्हणाली. "मला ठाऊक नाही. तुलाही नाही, आणि यांनाही नाही."

"हॅलो?" मोबाईलमधून साहेबांचा आवाज आला. "हॅलो, कोण बोलतंय?"

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. असं त्याने आजवर कधी तिच्याकडे पाहिलेलं नव्हतं. राग होता, आणि त्याच्या तळाशी भांबावलेपण. पंपावरचा माणूस नोझल अडकवायचं विसरून तिघांकडे बघत उभा होता.

"साहेब," नवरा मोबाईल कानाला लावत म्हणाला, "उद्या माझी पाळी पहिली की दुसरी, तेवढं विचारायचं होतं."

भावाने बाटली उचलली. "ताई, निदान मला तरी कानात सांगायचंस."

"कानात सांगितलं असतं, तर तू ओतायला लावली असतीस."

"हो, लावली असती!" तो ओरडला आणि रस्त्याला लागला. नवऱ्याने "बस, सोडतो" म्हणून हाक मारली. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

"जा त्याच्याबरोबर," नवरा तिच्याकडे न बघता म्हणाला.

ती जवळजवळ पळतच निघाली. भावाला गाठलं, तेव्हा तो चालायचा थांबला नाही. पण त्याने पाऊल तेवढं लहान केलं.