उकंड्याचं वय

उन्नतीने सातवे नाव खोडले आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतले. उद्या खेळ चालवायची पाळी तिची होती, पहिल्यांदाच. वर्षभर दर रविवारी ती, प्रीतम आणि वैभवी वैभवीच्या घरी जमत, कागद आणि पासे मांडत, आणि कल्पनेतल्या राज्यातून तलवारी घेऊन हिंडत. या वेळी त्या राज्यात तिला हाफलिंगांचे एक गाव वसवायचे होते. हाफलिंग म्हणजे कमरेएवढ्या उंचीची माणसे. अनवाणी चालणारी, खाण्याची शौकीन, मोठ्यांच्या नजरेत सहसा न भरणारी. गावाला बारा नावे हवी होती. एकही धड जमत नव्हते.

“एवढं काहून डोकं लावून राहिली?” दिवाणावर लोळलेला प्रीतम म्हणाला. तो शेजारचाच, हिंगण्याच्या कारखान्यात पाळीवर जायचा, आज सुटी होती. “अर्धे लोक, अर्धे नाव. लिही. धोंड्या. केऱ्या. कचऱ्या. उकंड्या.”

उन्नतीला हसू फुटले. “उकंड्या भारी आहे गा! काम काय करते तो?”

“भजे चोरते. अन् सगळ्यात पयले मरते.”

दाराशी तिचे आजोबा नत्थूजी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांचा हात थांबला.

“उकंड्या लिहिलं काय वं?”

“हो, आबाजी.”

“माह्या लहान्या भावाचं नाव होतं ते.”

प्रीतम उठून बसला. आबाजींचा एक भाऊ लहानपणीच गेला एवढेच उन्नतीला ठाऊक होते. त्याला नाव असेल, हे तिच्या मनात कधी आले नव्हते.

नत्थूजींनी पुढची शेंग उचलली. त्यांच्या आधी जन्मलेले दोन भाऊ गेले होते. म्हणून ते जन्मताच त्यांचे नाक टोचले, नथ घातली. मरणाने मुलगी समजून पुढे जावे. म्हणून नत्थू. पाठच्या भावाला आईने उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, नेऊन ठेवले आणि आत्याने त्याला सुपात घालून परत आणले. फेकलेल्या पोरावर कोण डोळा ठेवतो?

“नाव असं ठेवाचं का मरणाले किळस आली पाहिजे,” ते म्हणाले.

“मग?”

“पाच वर्षांचा होता. छप्पन सालच्या पावसाळ्यात गेला. दोन महिन्यानं दीक्षा झाली. वस्तीतल्या साऱ्या पोट्ट्यांचे नाव बदलले. आनंद झाला, राहुल झाला. माहं मायनं बदलू देलं नाही. म्हणे, ह्याच नावानं वाचला. अन् त्याचं राहून गेलं.”

उन्नतीने खोडरबर हातात घेतले. “मी काढून टाकते, आबाजी.”

“काहून? शाळेत त्याले घातलंच नव्हतं. त्याचं नाव आजवर कुठं लिहिलंच नाही कोणी. राहू दे.” त्यांनी वहीकडे बोट केले. “हे लोक किती वर्ष जगते?”

“दीडशे.”

“मग याले शंभर तरी लिही. भजे चोरू दे खुशाल. मरू नको देऊ.”

प्रीतम खाली पाहत होता. उन्नतीने वयाच्या रकान्यात शंभर लिहिले.

पण मरण तिच्या हातात नव्हते. पासा सगळ्यांसमोर टाकायचा आणि पडेल ते मानायचे, हा त्यांचा नियम होता. कुणी लबाडी केली की पहिल्यांदा ओरडणारा प्रीतमच.

रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास हाफलिंगांच्या गावावर दरोडेखोर चालून आले. नदीवरचा पूल कुणीतरी जाऊन तोडायला हवा होता.

“उकंड्याले पाठवा,” वैभवी म्हणाली. “शंभर वर्षांचं म्हातारं. गेलं तरी काय?”

प्रीतमने दुसरी दोन नावे सुचवली. वैभवीने मानली नाहीत. पुलाशी सर्वांत जवळ उकंड्याच होता. बाण सुटले. दहाच्या वर पडले तर तो वाचणार होता. उन्नतीने वीस बाजूंचा पासा ओंजळीत बराच वेळ घोळवला आणि टाकला.

दोन.

“गेला बिचारा,” म्हणत वैभवीने यादी पुढे ओढली.

“पासा तिरपा होता,” प्रीतम म्हणाला. “ताटलीले टेकला होता. पुन्हा टाक.”

वैभवीने पाहिले. पासा मोकळ्या टेबलाच्या मधोमध सपाट पडला होता. चिवड्याची ताटली प्रीतमच्या मांडीवर होती. ती हसायच्या बेतात होती. मग तिने त्याचा चेहरा पाहिला, आणि मान खाली घालून बसलेल्या उन्नतीकडे पाहिले.

तिने यादी परत सरकवली.

“हो,” ती म्हणाली. “मलेही तिरपाच दिसला.”