हिरवा दिवा लागला, पण वाट नव्हती

मित्रांनो, पूर्णगडच्या धर्मादाय दवाखान्यात औषधांच्या खोलीच्या भिंतीवर एक धुळकट काळा डबा दिसतो ना, तो मी. मी राऊटर, आता बराच जुना झालेला. माहिती कोणत्या वाटेने धाडायची हे ठरवणं माझं काम. उमेदीची वर्षं मुंबईच्या एका कचेरीत गेली. तिथे नवा डबा आला आणि माझी रवानगी इकडे झाली. सगळं सुरळीत चालू असलं की कुणी ढुंकून बघत नाही. अडलं की पहिली चापट मला.

शमिका तशी नव्हती. रत्नागिरीहून येणारी ही इंजिनीअर आधी माझी धूळ पुसायची, मग लॅपटॉप जोडायची. भातकापणीच्या दिवसांत ती मला राउटिंग प्रोटोकॉल शिकवायला आली. शेजारच्या राऊटरांशी सतत बोलत राहायचं आणि एक वाट तुटली की आपणहून दुसरी धरायची, अशी ही रीत. मला दोन दारं, त्यांना इंटरफेस म्हणतात. एकातून रत्नागिरीची केबल जाते. दुसरं छपरावरच्या डिशला जोडलेलं, तिचं तोंड खाडीपलीकडच्या, दवाखान्याच्या गावखडी शाखेकडे; तिथून रत्नागिरीला वेगळी केबल जाते. दोन्ही दारांवर तिने प्रोटोकॉल चालू केला आणि दोन्ही शेजारी माझ्या यादीत आले. मला कोण आनंद झाला! हे सगळं माझ्यात कायमचं साठवायचं तेवढं राहिलं होतं. तेवढ्यात ती चहाला उठली.

आणि ढग गडगडले. दवाखान्याच्या आया हौसामावशी धावत आल्या. टीव्ही, पंखा, मी, सगळ्यांचे प्लग त्यांनी खटाखट उपटले. आमच्याकडे वीज कडाडली की घरोघर हेच करतात. पण माझ्या डोक्यातलं नवं शिक्षण पार पुसलं गेलं.

त्याच वेळी शमीम आपल्या नवऱ्याला, इद्रीसला, रिक्षातून घेऊन आली. इद्रीस मासेमारीच्या होडीवरचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. छातीत कळ, अंगाला दरदरून घाम. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला. इंजेक्शन कपाटात तयार होतं, पण रत्नागिरीच्या हृदयतज्ज्ञांनी आलेख पाहिल्याशिवाय ते देता येत नव्हतं. मोबाईलचा टॉवर बंद पडलेला, आणि केबलवर फणसाची फांदी कोसळलेली. उरली फक्त गावखडीची वाट, आणि तीच मी विसरलो होतो.

"मावशी, प्लग कुणी काढला?" शमिका ओरडलीच.

"मीच गो बाय. ईज पडली असती तर जळला असता ना तो!"

शमिकाने प्लग लावला आणि पुन्हा सगळं टाइप करायला घेतलं. डिशच्या दारावरचा दिवा हिरवा झाला.

"लागला गो, लागला!" मावशींनी हात जोडले.

डॉक्टरांनी आलेख पाठवला. तो गेलाच नाही. हिरवा दिवा म्हणजे तार जोडलेली आहे, एवढंच हो! गावखडीचा राऊटर हाका मारत होता, मी ओ देत होतो, पण आमचा मेळ बसेना. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं.

शमीम दाराशी आली. "बेटी, लवकर कर गो. यांचा हात थंड पडलाय."

शमिकाने मला शेजाऱ्यांची यादी विचारली. रिकामी. मग तिने दाराची माहिती मागवली आणि कपाळावर हात मारला. एकमेकांशी बोलणाऱ्या दोन राऊटरांच्या दारांना गट क्रमांक एकच लागतो, नाहीतर मेळ बसत नाही. घाईत तिने माझ्या दाराला भलताच दिला होता. तो तिने दुरुस्त केला आणि यादी पुन्हा मागवली. रिकामी. पुन्हा मागवली. गावखडीचं नाव आलं! मग तिने वाटांची यादी पाहिली: रत्नागिरी, गावखडीमार्गे.

"पाठवा, डॉक्टर!" आणि या वेळी तिने आधी सगळं माझ्यात साठवून टाकलं.

तिकडून उत्तर आलं, "इंजेक्शन द्या." ते लगेच दिलं गेलं. बऱ्याच वेळाने शमीम बाहेर आली आणि भिंतीला टेकून ढसाढसा रडली. इद्रीसने डोळे उघडून तिच्याकडे पाणी मागितलं होतं.

मित्रांनो, वीज चमकली तर माझा प्लग जरूर काढा, पण आधी कुणाला तरी सांगा. अधूनमधून धूळही पुसा. आणि नुसता दिवा बघून उठून जाऊ नका; पलीकडे पोचतंय का, ते मला विचारून बघा. तुम्ही विचाराल तेव्हा दाराबाहेर कुणीतरी कुणाचा तरी थंड हात धरून उभं असेल.