चांदणी बसत नाही

आईच्या जिवाला दोन महिने घोर लागला होता. लेक चार वर्षांची, सगळे तिला मुंगी म्हणायचे, आणि मुंगीला आकारांच्या डब्यात, झाकणावरच्या भोकातून, लाकडी चांदणी टाकता येत नव्हती. डब्यावर चक्क 'तीन वर्षांपुढे' छापलेलं. आणि आई कामाला कुठे, तर हे लाकडी डबे जिथे बनायचे त्याच कारखान्यात. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

गोल, चौकोन, त्रिकोण मुंगी पटापट टाकायची. चांदणी हातात आली की फिरवून फिरवून बघायची आणि बाजूला ठेवायची.

"ही बसत नाही."

"बसते. नीट बघ."

"बघितलं."

"डोकं चालव गं जरा. तुझ्याएवढ्या पोरी कुठच्या कुठे गेल्या."

मग आई उठायची, खिडकीपर्यंत जायची, परत यायची, घड्याळ बघायची. आपण एकदा टाकून बघावी, हे तिला सुचलंच नाही. कारखाना प्रत्येक डब्यात पालकांसाठी एक कागद घालायचा, 'मुलांना उत्तर दाखवू नका.' आधी पॅकिंगला असताना असे हजारो कागद तिने स्वतःच्या हातांनी घातले होते, मग तो नियम मोडणार कशी?

बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "मुलं आपापल्या वेळेला शिकतात." आईला ऐकू आलं, तुमची पोर मागे आहे. त्या संध्याकाळी तिचा तोल गेला. "मठ्ठ कुठली," ती बोलून गेली. मुंगी रडली नाही, नुसती बघत राहिली. आईला रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी तिने कारखान्यात मापाच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या सुतारकाकांना गाठलं आणि पोरीला चांदणी बसवता येत नाही म्हणून सांगितलं. ती स्वतः रंगाच्या टेबलावर. रंग बिघडलेले डबे कामगारांना घरी न्यायला मिळत, तसाच तिनेही एक नेला होता.

"कुठल्या ढिगातला नेलास?" काकांनी विचारलं.

"दाराजवळच्या."

"अगं, तो रंगाचा नाही, मापाचा ढीग. त्यातल्या चांदण्या दोन सूत मोठ्या कापल्यात. जन्मात बसायच्या नाहीत. विचारायला काय धाड भरली होती तुला?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, चांगला डबा काखेत मारून ती घरी धावली. चपला काढायचंही भान नव्हतं.

"मुंगे, माझं चुकलं बाळा. तो डबाच खोटा होता. तू म्हणत होतीस तेच खरं होतं. हा घे, आता बसेल बघ."

मुंगीने हात मागे घेतले.

"बरं, चांदणी राहू दे. गोल टाक. गोल तर तुला कधीचा येतो."

मुंगीने गोल उचलला, थोडा वेळ धरला आणि आईच्या हातात दिला.

"तूच टाक, आई. तुला येतं. मी नुसती बघते."